खनिज क्षोभकांचे अंतःक्षेपण व उंदरांच्या यकृतातील विकरांची क्रियाशीलता

प्रस्तावना :
उंदरांमध्ये प्रायोगिक दाह निर्माण करण्यासाठी सिलिका, शंखजिरे, सिल्व्हर नायट्रेट यांसारखे खनिज क्षोभक टोचले जातात. त्यानंतर यकृतातील काही विकरांची क्रियाशीलता घटलेली आढळते. या घटीचा अर्थ 'यकृताला इजा' असाच लावणे योग्य ठरत नाही.

कार्ययंत्रणा :
त्वचेखाली टोचलेले सिलिकाचे अविद्राव्य कण बव्हंशी तेथेच राहतात. महाभक्षी पेशी ते गिळतात. परंतु पचवू शकत नाहीत. पेशींतील लायसोसोम फुटून इंटरल्यूकिन-१ स्रवते. त्याच्या प्रभावाने निर्माण झालेले इंटरल्यूकिन-६ रक्तावाटे यकृतात पोहोचते. तेथे सीरम अमायलॉइड-ए या प्रथिनाची निर्मिती झपाट्याने वाढते, तर सायटोक्रोम पी-४५० गटातील अनेक विकरांच्या जनुकांचे प्रतिलेखन मंदावते. म्हणजेच क्षोभक यकृतापर्यंत न पोहोचताही विकर घटतात. रक्तवाहिनीतून टोचलेले कण मात्र यकृतातील कुफर पेशी थेट टिपतात. म्हणून अंतःक्षेपणाचा मार्ग नोंदविणे अनिवार्य आहे.

अर्थनिर्णयातील अडचणी :
१) रक्तातील ट्रान्सअमिनेज विकरांची वाढ पेशींतून गळती दर्शविते, तर पी-४५०ची घट पेशी शाबूत असतानाही होते. शिवाय अ‍ॅस्पार्टेट ट्रान्सअमिनेज स्नायूंतूनही येते. टोचलेल्या जागेची इजा त्याचे प्रमाण वाढवू शकते.
२) आजारी उंदीर कमी खातात आणि उपासमारीनेही विकर बदलतात. त्यामुळे तेवढाच आहार दिलेला नियंत्रण गट आवश्यक ठरतो.
३) कणांवरील जिवाणूंचे अंतर्विष स्वतःच पी-४५० घटविते. सिलिकासारखे उष्णतारोधक कण २५० अंश सेल्सियसला ३० मिनिटे कोरड्या उष्णतेत ठेवल्यास ते नष्ट करता येते.

महत्त्व :
इंटरफेरॉन-प्रेरक द्रव्यांमुळे पी-४५० प्रणाली मंदावते, हे रेंटन व मॅनरिंग यांनी १९७६ मध्ये प्रयोगप्राण्यांत दाखविले. १९८० मध्ये अमेरिकेतील सिएटल परिसरात इन्फ्लुएन्झा-बीच्या साथीत थिओफिलिन घेणाऱ्या दमेकरी मुलांना नेहमीच्याच मात्रेने विषबाधा झाली. औषधाचा निचरा मंदावला होता. दाहाच्या काळात औषधाची मात्रा का तपासावी लागते, हे यावरून स्पष्ट होते.

निष्कर्ष :
विकरांची घट हा यकृताच्या नाशाचा पुरावा नसून दाहाला मिळालेला प्रतिसादही असू शकतो. ऊतिपरीक्षण, रक्तातील विकर आणि योग्य नियंत्रण गट यांची जोड नसलेल्या प्रयोगात प्राण्यांचे बळी जातात. उत्तर मात्र हाती लागत नाही.