न्यूमोकोकसची लस : सिकलसेलग्रस्तांसाठी बालपणीच्या तीन मात्रा पुरेशा नाहीत

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर, झरी जामणी, मारेगाव, राळेगाव, घाटंजी या आदिवासीबहुल तालुक्यांत सिकलसेल हा शब्द नवा नाही. रक्तक्षय, कावीळ आणि असह्य अंगदुखी ही त्याची लक्षणे अनेक कुटुंबांच्या परिचयाची आहेत. मात्र, या आजारात बालकांच्या जिवाला मोठा धोका न्यूमोकोकस या जिवाणूपासून असतो, ही बाब तितकीशी परिचित नाही.

धोका कशामुळे?

रक्तातील जिवाणू गाळून नष्ट करण्याचे काम प्लीहा करते. सिकलसेलमध्ये विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी प्लीहेच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांतच हा अवयव निकामी होऊ लागतो. अशा वेळी न्यूमोकोकस रक्तात शिरल्यास काही तासांतच प्रकृती गंभीर होऊ शकते. केवळ वाहक असलेल्यांना हा धोका नसतो.

बालकांना मोफत लस

पीसीव्ही ही लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली व २०२१ मध्ये देशभर लागू झाली. सहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात अशा तीन मात्रा आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात. परंतु न्यूमोकोकसचे शंभरहून अधिक प्रकार आहेत आणि ही लस त्यांपैकी मोजक्याच प्रकारांपासून संरक्षण देते. म्हणूनच जोखमीच्या रुग्णांना अधिक व्यापक संरक्षण लागते.

पुढील मात्रा कोणत्या?

दोन वर्षांनंतर, शेवटच्या पीसीव्ही मात्रेपासून किमान आठ आठवड्यांनी, २३ प्रकारांवरील पीपीएसव्ही-२३ लस आणि पाच वर्षांनी तिची आणखी एक मात्रा, ही बालरोगतज्ज्ञांची रूढ शिफारस आहे. अमेरिकेतील सुधारित शिफारशींनी हे वेळापत्रक सोपे केले. तेथे पीपीएसव्ही-२३ ऐवजी २० प्रकारांवरील पीसीव्हीची एक मात्रा देता येते. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेथे सर्व प्रौढांसाठीची वयोमर्यादाही ६५ वरून ५० वर आणण्यात आली. मधुमेह अथवा हृदय, फुप्फुस व मूत्रपिंडाचे जुनाट विकार असलेल्यांना त्याआधीही लस घेण्याचा सल्ला दिला जातो.

भारतात या पुढील मात्रा राष्ट्रीय लसीकरणाच्या नियमित वेळापत्रकात नाहीत. त्यामुळे बालपणीचे कार्ड पूर्ण झाले की लसीकरण संपले, असा समज होतो. आपल्या मुलाला कोणती मात्रा केव्हा द्यायची, हे पालकांनी सिकलसेलचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारून घ्यावे.

ताप अंगावर काढू नये

लस घेतली तरी डॉक्टरांनी सुरू केलेले पेनिसिलिन परस्पर बंद करू नये. सिकलसेलच्या रुग्णाला ताप आल्यास उद्याची वाट न पाहता, आजाराचे व लसीकरणाचे कार्ड सोबत घेऊन तातडीने रुग्णालय गाठावे. गाव दूर असेल, तर निघण्याची घाई अधिकच आवश्यक ठरते.