शेजारच्या संगणकावरील फोल्डर दिसेनासे होते तेव्हा
एकाच वायफायवरील दोन विंडोज संगणकांपैकी एकाला दुसऱ्यावरील सामायिक फोल्डर दिसत नसेल, तर दोष बहुधा राउटरमध्ये नसून, जोडणी ‘सार्वजनिक’ म्हणून नोंदली गेल्याने संगणक इतरांपासून लपलेला असतो. घरी ती ‘खासगी’ करावी लागते. नावाने न सापडणारा संगणक आयपी पत्त्याने, म्हणजे जाळ्यातील त्याच्या क्रमांकाने, उघडत असेल, तर बिघाड केवळ नाव शोधण्यात आहे असे समजावे. पासवर्ड मागितल्यास तो खात्याचा द्यावा. पिन तेथे चालत नाही. जुनी साठवण-उपकरणे मात्र एसएमबी या फाइल-देवाणघेवाणीच्या नियमसंचाची पहिलीच आवृत्ती जाणतात, जिच्यातील त्रुटीवर २०१७ चा वॉनाक्राय हल्ला पसरला आणि जी विंडोज १० मध्ये त्याच वर्षाअखेरीपासून सहसा बसवलेली नसते. ती पुन्हा सुरू करण्याचा सर्रास दिला जाणारा सल्ला टाळलेलाच बरा.