पहिली पायरी बुटकी, शेवटची उंच

पुण्याच्या हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोची बातमी आली की मुळशीतल्या माण, घोटावडे, पिरंगुट या पट्ट्यातल्या प्लॉटच्या जाहिरातींना भरती येते. घोटावडे फाट्यावरून गावाच्या रस्त्याला लागलं की फलकांवर बंगल्यांची संगणकी चित्रं दिसू लागतात. त्यांत दिवाणखान्यातून वर जाणारा जिना हमखास असतो : काळाभोर चकचकीत ग्रॅनाइट, काचेचा कठडा, पायऱ्यांखाली लपवलेले दिवे. जमिनीचे भाव आणि मेट्रोच्या तारखा यांवर भरपूर छापून आलं आहे. मला त्या जिन्याविषयी लिहायचं आहे, कारण घरं बांधणाऱ्या अनेकांच्या हातून तिथे एक चूक होते आणि ती फरशी बसल्यावरच कळते.

चूक साध्या बेरीज-वजाबाकीची आहे. तळमजल्याच्या फरशीपासून वरच्या मजल्याच्या फरशीपर्यंत ३१५० मिलिमीटर उंची धरा. १८ चढ केले तर प्रत्येक चढ १७५ चा. गवंडी नकाशाप्रमाणे काँक्रीटमध्ये १७५ चे अठरा चढ भरतो. त्याचं काम चोख असतं. मग फरशीवाला येतो. खोलीत खालचा भराव, मसाला आणि टाइल मिळून ७५ मिलिमीटर थर चढतो. पायरीवर मात्र मसाला आणि ग्रॅनाइट मिळून ४५ च. आता पहिला चढ मोजा : १७५ अधिक ४५ वजा ७५, म्हणजे १४५. मधले सोळा जसेच्या तसे १७५. शेवटचा १७५ अधिक ७५ वजा ४५, म्हणजे २०५. एकाच जिन्यात ६० मिलिमीटरची, सव्वादोन इंचांहून जास्त तफावत! २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत घरगुती जिन्याचा चढ जास्तीत जास्त १९० मिलिमीटर सांगितला आहे. आपली शेवटची पायरी तीही मर्यादा ओलांडते.

आमच्या घरातला जिना असाच आहे. वरच्या पायरीशी आई अजून कठडा घट्ट धरते, आणि नव्या पाहुण्याला चहाआधी ‘शेवटची पायरी सांभाळा’ हे सांगितलं जातं.

साठ मिलिमीटर तर फार झाले, त्याहून कितीतरी कमी फरकही पाडतो. दोन-तीन पायऱ्या चढल्या की पाय उंची पाठ करतो आणि पुढे डोळ्यांना विचारत नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या ३६व्या स्ट्रीटच्या भुयारी रेल्वे स्थानकात एक पायरी बाकीच्यांपेक्षा जराशीच उंच होती. डीन पीटरसन या चित्रपटकारानं २०१२ मध्ये तिच्यावर कॅमेरा रोखला. माणसामागून माणूस त्याच पायरीला अडखळताना जगानं पाहिला आणि रेल्वेला ती दुरुस्त करावी लागली. अमेरिकेच्या बांधकाम नियमांत एका जिन्यातल्या सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या चढात साडेनऊ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. जिन्यांवरून पडण्याच्या अपघातांचा कसून अभ्यास करणारे जॉन टेम्पलर यांनी १९९२ मध्ये जिन्यावर दोन खंड लिहिले. त्यातला एक अख्खा खंड अपघात आणि सुरक्षिततेला दिला आहे.

या विषयातला माझा आवडता माणूस मात्र त्यांच्या तीनशे वर्षं आधीचा. फ्रान्स्वा ब्लाँदेल, फ्रान्सच्या राजेशाही वास्तुकला अकादमीचा पहिला प्रमुख. त्यानं १६७५ मध्ये जे मांडलं, त्याला तोड नाही. सपाट जमिनीवर माणसाचं पाऊल २४ फ्रेंच इंच, म्हणजे सुमारे ६५ सेंटिमीटर पडतं. सरळ उभ्या शिडीवर ते निम्म्यावर येतं, १२ इंच. म्हणजे वर उचलायला पुढे टाकण्याच्या दुप्पट कष्ट. म्हणून चढाची दुप्पट अधिक पायरीची रुंदी ही बेरीज एका पावलाएवढी हवी. आपल्या जिन्यात १७५ ची दुप्पट ३५०, त्यात २८० ची रुंदी मिळवली की ६३०. पाय सुखावतो. कुणाला पायऱ्यांची संख्या विषमच हवी असते. मग सतराच चढ केले तर प्रत्येकी सुमारे १८५ होतात आणि रुंदी २६० करून बेरीज पुन्हा ६३० वर आणता येते. हा हिशेब पावलाचा असल्यामुळे साडेतीनशे वर्षांत जुना झाला नाही.

आजची सॉफ्टवेअर हाच हिशेब क्षणात करतात. ‘रिव्हिट’मध्ये जिन्याच्या नियमांत ब्लाँदेलचं सूत्र भरून ठेवता येतं, मजल्याची उंची बदलली की चढ आपोआप पुन्हा वाटले जातात. काँक्रीटचा गाभा, वरची लादी, पुढे आलेलं नोझिंग, सगळं वेगवेगळ्या जाडीनं देता येतं. मला हे साधन मनापासून आवडतं. अडचण येते ती घाईत. ‘स्केचअप’मध्ये रंगाच्या बादलीवर टिचकी मारली की पायऱ्या ग्रॅनाइटच्या दिसू लागतात, पण त्या ग्रॅनाइटची जाडी शून्य असते. ग्राहकाला दाखवायला तेवढं पुरतं. मग त्याच मॉडेलवरून जागेवरचा नकाशा निघतो आणि ४५ व ७५ चा फरक कुठेच नोंदला जात नाही. परवानगीच्या टप्प्यावरही तो सापडत नाही. पुण्यातच घडलेलं ‘ऑटोडीसीआर’ नकाशा वाचून तो नियमांत बसतो का ते तपासतं, पण फरशीखाली मसाला किती जाड पडणार, हे त्या नकाशात नसतंच.

चकाकीचंही तसंच आहे. पडद्यावर आरशासारखा पॉलिश केलेला दगड खुलतो, कारण त्यात दिव्यांचं प्रतिबिंब पडतं. मुळशीत पावसाचे चार महिने ओल्या चपला घेऊन माणसं आत येतात, आणि ओला पॉलिश ग्रॅनाइट पाय धरत नाही. लेदर फिनिशचा ग्रॅनाइट, किंवा मिरर पॉलिश न केलेला कोटा घ्या. कडेला दोन-तीन खाचा मारून घ्या, आणि त्या खाचा मॉडेलमध्येही काढायला लावा; चित्रात नसलेली गोष्ट जागेवर विसरली जाते. संपूर्ण काळ्या जिन्यात उतरताना पायरीची कड दिसत नाही, तेव्हा कडेची पट्टी वेगळ्या रंगाची असू द्या. फोटोत ती कमी देखणी दिसेल. दिसू दे.

घोटावड्यात किंवा कुठेही घर बांधत असाल तर जिन्याचं सेंट्रिंग लागण्याआधी आर्किटेक्टकडे एक कागद मागा : जिन्याचा उभा छेद, त्यात काँक्रीटची आणि फरशीची पातळी वेगवेगळी लिहिलेली. खोलीतल्या फरशीची आणि पायरीवरच्या लादीची मसाल्यासकट जाडी त्याआधी नक्की करा. वरच्या उदाहरणात काँक्रीट भरताना पहिला चढ २०५ चा, मधले सोळा १७५ चे आणि शेवटचा १४५ चा हवा. साच्यात जिना वेडावाकडा दिसेल, शेजारी येऊन विचारतील. गवंड्याला तो तसाच भरू द्या. फरशी बसली की अठराही चढ १७५ चे होतात.