दारातली फुलगोबी, पाल्यासकट

बाजारात फुलगोबी घेतली की भाजीवाला हिरवी पानं मोडून बाजूला टाकतो आणि पांढरा गड्डा तेवढा पिशवीत घालतो. पानं शेळ्या खातात. नर्सिंग शिकलेल्या बाईला ते बघवत नाही, कारण लोह आणि कॅल्शियम गड्ड्यापेक्षा त्या पाल्यात जास्त असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी ५४.२ टक्के बायांना रक्तक्षय निघाला. म्हणजे नळावर दहा जणी उभ्या असल्या तर त्यातल्या पाच-सहा. पाच वर्षांखालच्या लेकरांचा आकडा तर ६८.९ टक्के आहे.

पण बाजारचा पाला मी कुणाला खा म्हणणार नाही. गोबीवर अळी फार, म्हणून शेतात औषधाचे फवारे बसतात आणि ते आधी पानांवरच पडतात. पाला खायचा असेल तर गोबी दारात लावायला पाहिजे.

जागा नाही, हे मला ठाऊक आहे. एका झाडाला तेलाचा पंधरा लिटरचा डबा पुरतो. बुडाला चार-पाच भोकं पाडा. फवारणीच्या औषधाचा डबा मात्र कितीही धुतला तरी नको. आपली काळी माती एकटी भरली तर पाण्याने चिकट गोळा होते. दोन घमेली माती, एक घमेलं वाळू, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत, असं मिसळा. डबा दिवसातून सहा तास ऊन लागेल तिथे ठेवा. जमिनीत लावत असाल तर दोन रोपांत दीड फूट अंतर पाहिजे.

बहुतेकांची गोबी फसते ती बियाण्यामुळे. हे मूळचं थंड मुलुखातलं पीक. १८२२ साली सहारनपूरच्या बागेत इंग्लंडहून बी आलं आणि पुढे आपल्याकडच्या उष्णतेत टिकणाऱ्या जाती निघाल्या. त्यामुळे आता लवकरच्या आणि उशिराच्या अशा दोन तऱ्हा आहेत. पुसा दीपाली लवकरची, स्नोबॉल-१६ थंडीतली. थंडीतलं बी पावसाळ्यात लावलं तर नुसता पाला माजतो, गड्डा धरत नाही. लवकरचं बी उशिरा लावलं तर गड्डा लिंबाएवढाच राहतो. दुकानदाराला नुसतं ‘गोबीचं बी द्या’ म्हणू नका, महिना सांगून मागा.

थंडीसाठी सप्टेंबरच्या मध्याला पसरट टोपल्यात बी टाकावं. चार-पाच आठवड्यांत रोपाला चार-पाच पानं येतात, म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास लावणी. संध्याकाळी लावा. जून झालेलं, काडीसारखं रोप लावू नका, त्यालाही बारकाच गड्डा येतो.

पाणी थोडं पण नेमाने हवं. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेला आपला लातूर जिल्हा आहे, तेव्हा नळाचं पाणी गोबीला घाला असं मी कशाला म्हणू? तांदूळ-डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी घाला. साबणाचं, निरम्याचं नको. मातीवर सोयाबीनच्या भुसकटाचा चार बोटं थर द्या, ओल टिकते. एक दिवस चिखल आणि चार दिवस कोरडं, हे या झाडाला चालत नाही. ६ डिसेंबरला कुटुंबासह चैत्यभूमीला जाणार असाल तर शेजारणीला पाणी घालायला सांगून जा.

रोज सकाळी पान उलटं करून बघायचं. अंडी, अळ्या दिसल्या की हाताने वेचा. मावा आला तर ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवा, गाळून संध्याकाळी शिंपडा. बाजूच्या डब्यात चार मोहरीची झाडं लावली तर पतंग आधी तिकडे जातो.

गड्डा मुठीएवढा झाला की वरची पानं त्यावर दुमडून सुतळीने सैल बांधा. ऊन लागलं तर तो पिवळा पडतो. घट्ट आहे तोवरच कापा. तोपर्यंत पानं तोडू नका, गड्डा त्यांच्याच जिवावर भरतो.

कापल्यावर सगळं कामाचं. गड्डा मिठाच्या कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा, दडलेली अळी वर येते. उकळून पाणी फेकू नका, त्यात क जीवनसत्त्व जातं. झाकण ठेवून वाफेवर शिजवा. थायरॉईडचा त्रास असणाऱ्यांनी कच्ची खाऊ नये. कोवळा पाला बारीक चिरून लसूण-मिरची घालून मेथीसारखा परता, नाहीतर डाळीत टाका. जाड देठं वेगळी चिरून आधी शिजायला घाला. वरून लिंबू पिळा, पाल्यातलं लोह अंगी लागायला त्याची मदत होते. जेवणावर लगेच चहा घेतला की ते लोह वाया जातं. जेवण आणि चहा यांत तासभर जाऊ द्या.

गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या मात्र हा पाला खाल्ला म्हणून बंद करायच्या नाहीत. गोळीने संडास काळी होते, मळमळतं, म्हणून कित्येक जणी त्या कपाटात ठेवून देतात. संडास काळी होणं धोक्याचं नाही. मळमळ होत असेल तर रात्री जेवल्यावर झोपताना गोळी घ्या, आणि तरीही सोसत नसेल तर आशाताईला सांगा.