बैल गेला, घुंगरू राहिले

परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आलेल्या हिंगोली जिल्ह्यात उन्हाची तिरीप वाढू लागली, की हमरस्त्यांच्या कडेला, बसस्थानकांच्या आसपास आणि औंढा नागनाथसारख्या यात्रेच्या ठिकाणी रसवंत्या, म्हणजे गिऱ्हाईकासमोर ऊस गाळून ताजा रस देणारी दुकाने, उभी राहतात. पूर्णा नदीवरील येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांच्या पाण्यावर वसमत परिसरात ऊस वाढला आणि तेथे पूर्णा सहकारी साखर कारखानाही उभा राहिला; परंतु कारखान्याचे गाळप मुख्यतः हिवाळ्यात चालते आणि रसाला खरी मागणी येते ती चैत्र-वैशाखात, त्यामुळे आजूबाजूचे फड तुटून गेल्यावरही रसवंतीसाठी थोडा ऊस उभा राखावा लागतो. ही अडचण कोणत्याही यंत्राने सोडवलेली नाही.

यंत्राने बदलले ते गाळणे. पूर्वी रसवंतीत लाकडी चरक असे. एकमेकांत दाते अडकवून फिरणाऱ्या उभ्या लाकडी रुळांच्या या साधनाला आडवे लाकूड जोडून त्याला बैल जुंपला जाई आणि बैलाच्या गळ्यातील घुंगरांचा आवाज हीच दुकानाची जाहिरात ठरे. पुढे हाताने फिरवायचे लोखंडी यंत्र, मग डिझेल इंजिन आणि विजेची मोटर आली. लोखंडी रूळ ऊस अधिक घट्ट दाबतात, शिवाय शेतीची कामे ट्रॅक्टरकडे गेल्यावर चार महिन्यांच्या धंद्यासाठी बारा महिने बैल पोसणे परवडण्यासारखे राहिले नाही. घुंगरू मात्र यंत्राच्या चाकाला बांधले गेले. महाराष्ट्रातील काही महामार्गांवर आता पुन्हा बैलाचा चरक दिसतो, पण तो श्रमापेक्षा छायाचित्रासाठी अधिक राबतो, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

दुसरा बदल बर्फाचा होय. मासळी किंवा इतर माल टिकवण्यासाठी केलेला बर्फ पिण्याच्या पाण्याचा असतोच असे नाही, आणि तो सरबतात किंवा रसात मिसळला जाऊ नये म्हणून महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये अशा अखाद्य बर्फाला निळा रंग देणे बंधनकारक केले. त्यामुळे गिऱ्हाईकाला निदान डोळ्यांनी पारख करता येते.

इतके बदल होऊनही बाटलीबंद शीतपेयाप्रमाणे हा रस महिनोन्‌महिने फळीवर ठेवता येत नाही, याचे कारण उसाच्या घडणीतच आहे. ऊस चिरडला जाताच त्यातील पॉलिफेनॉल ऑक्सिडेज नावाचे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने रस काळपट करू लागते. दुसरीकडे ल्युकोनोस्टॉक जातीचे जिवाणू साखरेपासून डेक्स्ट्रान हा चिकट पदार्थ तयार करतात आणि उष्म्यात रस लवकरच आंबतो. तापवून जिवाणू मारता येतात, पण तापवलेल्या रसाला काकवीची झाक येते आणि ताजेपणाची चव जाते. कारखान्यात डबाबंद केलेला रस शहरांतील दुकानांत मिळू लागला असला, तरी रस्त्याकडेच्या रसवंतीची जागा त्याने घेतलेली नाही, यात म्हणूनच नवल नाही. बाकड्यावर बसून काचेच्या पेल्यातून रस पिण्याऐवजी तो बाटलीत भरून घरी नेणाऱ्यांची संख्या वाढत असताना, चरकातून उसासोबत दाबून काढलेल्या लिंबाचे महत्त्वही वाढले आहे, कारण आंबटपणामुळे त्या विकराचे काम मंदावते आणि घर गाठेपर्यंत रसाचा रंग टिकतो.