बाळाला सुई कोण टोचणार?

गोंडपिपरीहून वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. तिथे डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत प्रयोग केला. गावातल्याच, बेताचे शिकलेल्या बायांनी नवजात बाळाला घरी तपासायचे. जंतुसंसर्ग वाटला तर आधी दवाखान्यात न्यायला सांगायचे. आईबाप नाहीच म्हणाले, तर त्यांची संमती घेऊनच जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन द्यायचे. हजार जन्मांमागे 62 असलेले नवजात मृत्यू तीन वर्षांत सुमारे 25 वर आले. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे निष्कर्ष छापले. आकडा मोठाच, पण लोकांना विचारल्याशिवाय तो हाती आला नसता. म्हणूनच तुमच्याकडे कुणी संशोधनासाठी रक्त मागितले, तर सही करण्याआधी विचारा: कशासाठी? आणि निकाल आम्हाला कधी सांगणार?