दोन घड्याळं, एक फोन आणि मिलिसेकंदांचा हिशोब

तुमच्या घरातली दोन घड्याळं कधी शेजारी शेजारी ठेवून ऐकली आहेत का? हॉलमधलं एक, स्वयंपाकघरातलं एक. रात्री घर शांत झालं की ऐका. दोघांची टिक एकत्र पडत नाही. उद्या ऐकलंत तर मधलं अंतरही थोडं बदललेलं असेल. हा बदल तुम्ही घरीच मोजू शकता, खिशातल्या फोनवर.

साध्या घड्याळात क्वार्ट्झचा इवलासा स्फटिक असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा पंधरा वेळा निम्मा करा, बरोबर १ उरतो. तीच ती सेकंदाची टिक. पण दोन स्फटिक हुबेहूब सारखे नसतात. शिवाय त्यांना हवामानही लागतं. साधारण २५ अंशांवर ते सगळ्यात वेगात चालतात, त्याहून गरम किंवा गार झालं की मंदावतात. इथे बेंगळुरूत मजेत चालणारं घड्याळ मे महिन्यात नागपूरला नेलंत, तर ४५ अंशांत ते दिवसाला सेकंदभर मागे पडू शकतं. (बेंगळुरूची हवा फक्त माणसांनाच मानवते असं नाही!)

इतका बारीक फरक मोजायचा कसा? तानपुरा लावणारे तो कानानेच मोजतात. जोडीच्या दोन तारा जवळजवळ एका सुरात आल्या की आवाज लाटेसारखा मोठा-लहान होतो. सेकंदाला एक लाट म्हणजे सेकंदाला एका कंपनाचा फरक. लाट दहा सेकंदांनी आली तर फरक एक दशांश. फरक जितका लहान, तितकं जास्त वेळ थांबायचं. घड्याळांनाही हेच लागू पडतं.

एक घड्याळ फोनला चिकटून ठेवा, दुसरं हातभर लांब, म्हणजे कुठली टिक कुणाची ते ओळखू येईल. मिनिटभर रेकॉर्ड करा. आवाजाचा आलेख दाखवणाऱ्या एखाद्या फुकट ॲपमध्ये पहिल्याच्या टिकपासून दुसऱ्याच्या टिकपर्यंतचं अंतर पाहा. समजा, १२० मिलिसेकंद आलं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी १५० आलं. म्हणजे ८६,४०० सेकंदांत ३० मिलिसेकंदांचा फरक, साधारण २९ लाखांत एक! फोनचं स्वतःचं घड्याळ थोडं चुकीचं असलं तरी चालतं, कारण दोन्ही टिका एकाच रेकॉर्डिंगमध्ये आहेत आणि मोजायचं अंतर अगदी लहान आहे. दुपारी एकदा मधला आकडाही घ्या. फरक दिवसाला अर्ध्या सेकंदाहून जास्त असेल, तर नुसत्या दोन आकड्यांवरून तुम्ही फसाल. आणि हो, सेकंदकाटा न थांबता सरकणारी घड्याळं या कामाची नाहीत.

घरात आजोबांचं एचएमटी असेल तर तेही काढा. बेंगळुरूत १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या मदतीने एचएमटी घड्याळांचा कारखाना सुरू झाला. त्यांचं किल्लीचं 'जनता' सेकंदाला पाच वेळा टिकटिकतं. त्याच्यासाठी दिवसभर थांबायला नको. दिवसाला १० सेकंदांची चूक असेल, तर दहा मिनिटांतच ७० मिलिसेकंद सरकलेले दिसतात. दुरुस्तीला देण्याआधी आणि आणल्यावर मोजून पाहा.

पण चुकतंय कोण? दोन घड्याळं फक्त आपसातला फरक सांगतात, दोन भावंडांच्या भांडणासारखं. तिसरं आणा. पहिल्याचं बाकी दोघांशी जमत नसेल आणि त्या दोघांचं आपसात जमत असेल, तर संशय पहिल्यावर.

हीच पंचाईत मोठ्या प्रमाणावर बेंगळुरूजवळच्या ब्यालालूत असते. तिथल्या इस्रोच्या केंद्रातून नाविक उपग्रहांचं काम चालतं. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो, त्यामुळे उपग्रहातलं घड्याळ इतकंसं चुकलं तरी नकाशावरची तुमची जागा सरकते. २०१३ मध्ये पाठवलेल्या आयआरएनएसएस-१ए मधली तिन्ही रुबिडियम घड्याळं पुढे बंद पडली. ती परदेशी होती. २९ मे २०२३ रोजी उडालेल्या एनव्हीएस-०१ मध्ये अहमदाबादला बनवलेलं भारतीय रुबिडियम घड्याळ आहे.

तुमच्या घरात कुणी इंजिनिअरिंगला असेल, तर त्यांच्यासाठी पुढची पायरी. एस. पी. रोडच्या बाजारातून १० मेगाहर्ट्झचे दोन ऑसिलेटर आणि एक डी फ्लिप-फ्लॉप चिप आणा. एकाची लहर डेटा पिनवर, दुसऱ्याची क्लॉक पिनवर, आउटपुटला रेझिस्टर लावून एलईडी. तो दिवा तानपुऱ्याच्या लाटेसारखा उघडझाप करतो. सेकंदाला एकदा म्हणजे एक कोटीत एक इतका फरक! ऑसिलेटर टीसीएक्सओ प्रकारचे घ्या. साध्यांमध्ये फरक सेकंदाला शेकडो कंपनांचा निघू शकतो, मग दिवा सतत पेटलेलाच वाटतो. आणि सगळं एखाद्या डब्यात झाकून ठेवा, कारण पंख्याचा वारा लागला तरी दिव्याचा ठोका बदलू शकतो.